देवण्याची शेपटी

हे मी घरात सांगितलेलं नाही, संघातही नाही. तुम्हाला तरी शेवटपर्यंत सांगेन का? माहीत नाही. सुरुवात तर करतो.

आमच्या लातूरच्या बास्केटबॉल संघाचा देवण्या तुम्ही पाहिला असेल. पांढरं अंग, काळे ठिपके, लोंबते कान, फोमचं भलंमोठं डोकं. लीग सुरू झाली तेव्हा मालकांना संघाचा शुभंकर म्हणून वाघ हवा होता. मी म्हणालो, वाघ काय, सगळ्यांचाच असतो. आपल्या भागातला देवणी वळू घ्या. मी संघाचा निवेदक, माइक माझ्या हातात, त्यामुळे माझं ऐकलं जायचं. उदगीरच्या एका शिंप्यानं महिनाभर खपून पोशाख शिवला. टाइमआऊटमध्ये नाचायचं, पाहुण्या संघाला शिंगं दाखवायची, मरगळलेल्या लोकांना उठवायचं — एवढं त्याचं काम.

नियमही मीच केले. देवण्या बोलणार नाही. लोकांसमोर डोकं काढणार नाही. आणि आत जीव घाबरला तर? त्यासाठी खूण ठरवली: शेपटी हातात धरून डोक्यावर गरागरा फिरवायची. ती दिसली की मी त्याला लगेच आत न्यायचं. खूण फक्त मला आणि पोशाख घालणाऱ्या नागनाथला ठाऊक होती. नाही, त्याच्या बायकोलाही. तिची काळजी मिटावी म्हणून त्यानं घरी सांगितलं होतं.

नागनाथ चाकूरचा. वरातीत नाचायला लागला की नवरदेवाकडे कुणी बघायचं नाही, असा.

चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नांदेडच्या संघाशी सामना होता, दुपारचा. वर पत्रे. आम्ही मागे पडलो होतो, लोक गप्प. टाइमआऊटला नागनाथ उतरला आणि हॉल जागा झाला. मी माइकवर ओरडलो की अख्खा हॉल माझ्यामागे ओरडायचा. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. कसं सांगू —

त्यानं शेपटी फिरवली.

मला वाटलं नाचतोय, असं म्हणू का? तसं वाटलं नव्हतं. मला कळलं होतं. मी माइकवर म्हणालो, "बघा, देवण्या कसा खुशीत आलाय! आणखी एकदा!"

त्यानं आणखी एकदा फिरवली. मग गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. टाळ्या चालूच होत्या. आमच्या माणसांनी त्याला डोक्यासकट ओढत आत नेलं — माझा नियमच तसा होता.

उष्माघात. जीव वाचला. पण चालताना अजून तोल जातो, भिंत धरावी लागते, जीभ जड झाली. त्या दुपारचं त्याला काहीच आठवत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला काय वाटलं? हायसं वाटलं.

दवाखान्यात त्याच्या बायकोनं विचारलं, "भाऊजी, त्यांनी खूण केली न्हवती का हो?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "केली असती तर तेव्हाच आत आणलं असतं."

ती खाटेकडे वळली. "एक शेपटी फिरवायला काय झालं होतं तुमाला?" त्यानं मान खाली घातली. तिनं ते पुढे कितीदा विचारलं असेल! कधीकधी माझ्यासमोर विचारते. मी चहा पीत असतो.

रडू येईल म्हणून मी पुष्कळ वाट पाहिली. आलं नाही. झोप लागते, जेवण जातं. सामने असले की माइक घेतो.

यंदा पोशाखात नवा माणूस आला. त्याला दोन गोष्टी सांगायला नागनाथला बोलावलं. एका हातानं खांब धरून त्यानं दुसऱ्या हातानं शेपटी फिरवून दाखवली. "मी इसरलो," तो जड जिभेनं म्हणाला, "तू इसरू नगंस." मी शेजारीच उभा होतो.

मग त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली. चढायच्या आधी त्यानं माझा हात धरला. "सर, माझ्या चुकीनं तुमच्या जिवाला लई घोर लागला. मनात धरू नगा."

मी म्हणालो, "असू दे, नागनाथ. होतं असं."

म्हणजे — मी त्याला माफ केलं.