माझी खंजेरी खिळ्याला होती

या सदरात लोक लिहितात ते मी वाचतो, पण खरं सांगायचं तर हसायला वाचतो. पिंपळाखालची बाई, उलट्या पायांचा पाहुणा... मला यातलं काही पटत नाही. मी किसन, भिलाईच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं फिटर आहे. मशीन कुरकुरायला लागलं की लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं, हे माझं काम. आवाज आहे म्हणजे त्याला जागा आहे, यावर माझं घर चालतं. तरी आज लिहितोय, कारण एका आवाजाची जागा मला अजून सापडलेली नाही.

दिवाकर आणि मी लहानपणापासूनचे. दोघांचे बाप भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इकडे कामाला आले. दिवाकर रेल्वेत लागला, चरोद्याच्या यार्डात. आता रिटायर होऊन भिलाईच्याच हुडको कॉलनीत घर बांधून राहतो. तो गातो, मी खंजेरी वाजवतो. बावीस वर्षं दर गुरुवारी आमचं खंजेरी भजन! गुरुवारी सेकंड शिफ्ट लागली की मी कोणाच्या तरी हातापाया पडून ती बदलून घ्यायचो. पोरीच्या बारशाला मी उशिरा पोचलो, पण गुरुवार चुकवला नाही. बायकोनं ते अजून माफ केलेलं नाही.

माझ्या वाजवण्यात एक खोट आहे. लहानपणी गावी उजव्या हाताचं एक बोट बैलगाडीच्या जूखाली सापडलं, ते तेव्हापासून वाकत नाही. त्यामुळे माझी चौथी थाप केसभर उशिरा पडते आणि दोनदा पडल्यासारखी वाजते. सुरुवातीला दिवाकर चिडायचा. मग तो त्या थापेसाठी थांबायला शिकला. शब्द तोंडात धरून ठेवायचा, थाप पडली की सोडायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय ठेहराव आहे! तो ठेहराव म्हणजे माझं मोडकं बोट होतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी दिवाकरनं वरची खोली इंजिनीअरिंगच्या एका पोराला भाड्यानं दिली. तन्मय नाव. केसांचा बुचडा, हातात गिटार. आधी तो आमच्या भजनात येऊन कोपऱ्यात बसायचा. मग दिवाकर म्हणायला लागला की गुरुवारी गुडघा दुखतो, आज राहू दे. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या गुरुवारी मी बामची डबी घेऊन त्याच्या घरी गेलो, तर वरच्या खोलीतून दोघांचं गाणं ऐकू येत होतं. गुडघा जिना चढून गेला होता! मी डबी पायरीवर ठेवली आणि परत आलो.

मी जळलो. दुसरा शब्द नाही त्याला. घरी जेवण जाईना. बायको म्हणाली, "भाऊजीनं तुमाले सवत आनली बाप्पा." आणि पदर तोंडाला लावून हसत बसली.

मग पोरीनं मोबाईलवर एक पोस्टर दाखवलं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, 'छज्जा' नावाच्या ठिकाणी, दिवाकर आणि तन्मय. आवाज आणि गिटार. माझं नाव तर नव्हतंच, पण खंजेरीचंही नव्हतं. मी ठरवलं — जायचं, शेवटपर्यंत बसायचं, आणि संपल्यावर तोंडावर सांगायचं की आजपासून आपली जोडी संपली. स्कूटरवर ते वाक्य मी घोकत गेलो. खंजेरी घरी दारामागच्या खिळ्याला होती.

हुडकोच्या बाजारामागे कोचिंगवाल्या पोरांची वस्ती आहे. सगळ्या गल्लीत मेस, खोल्या आणि वाळत घातलेल्या जीन्स. तिथे झेरॉक्सच्या दुकानावर लोखंडी जिना चढून गेलं की छज्जा. एक लांबट खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, समोर एक पडदा, तीसेक खुर्च्या, बाकी सगळे सतरंजीवर. हॉस्टेलची गेटं आठला बंद होतात म्हणून कार्यक्रम सातच्या आत गुंडाळतात. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, म्हणजे अंधाराबिंधाराचा काही प्रश्न नाही. मी सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. सवयीनं एक टिचकीसुद्धा त्याच्या गाण्याला जाऊ द्यायची नव्हती.

पहिली दोन गाणी छान झाली. पोरगं वाजवतही चांगलं होतं, आणि तेच जास्त लागलं. तिसरं आमचं होतं. दिवाकरनं स्वतः रचलेलं भजन, चाल आम्ही दोघांनी त्याच्या चरोद्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसवलेली. त्यानं डोळे मिटले, पहिली ओळ घेतली... आणि दुसऱ्या ओळीला खंजेरी सुरू झाली.

माझ्या डोक्यात आलं ते भूत नव्हतं. मला वाटलं, यानं पडद्यामागे दुसरा खंजेरीवाला आणून बसवलाय! तोवर चौथी थाप आली. केसभर उशिरा. दोनदा पडल्यासारखी. अरे, माझी खोटसुद्धा यानं दुसऱ्याला शिकवली? मी रडायच्या बेतात होतो.

मी उठलो. आवाज शोधणं माझा धंदाच आहे. वाकून स्पीकरपाशी गेलो, तिथे फक्त गळा आणि गिटार. पडद्यामागे मॉपची बादली. खिशातलं बॉलपेन काढलं, एक टोक भिंतीला आणि एक कानाला लावून भिंतीभर फिरलो. शेजारची एक मुलगी घाबरून म्हणाली, "अंकल, आप ठीक हैं?" मी विचारलं, ही खंजेरी कोण वाजवतंय? ती म्हणाली, "कौन-सी खंजेरी?"

कुठलाही आवाज त्याच्याजवळ गेलं की वाढतो, लांब गेलं की कमी होतो. हा मी कुठेही गेलो तरी तेवढाच येत होता, हातभर अंतरावरून. भजन संपलं तसा तोही थांबला.

कार्यक्रम संपल्यावर मी सरळ दिवाकरसमोर उभा राहिलो. घोकलेलं वाक्य राहिलं बाजूला. "माह्यं रेकॉर्डिंग कावून लावलं? मले विचारलं का तू?"

तो म्हणाला, "रेकॉर्डिंग कायचं? मी त डोये मिटून गाऊन राहिलो होतो. दुसऱ्या ओळीले खंजेरी आली, त म्हटलं, किसन आला. राग सोडून आला." त्यानं माझे रिकामे हात पाहिले. "तू वाजवली नाई?"

तन्मय गिटार पिशवीत भरत होता. तो म्हणाला की कुठली खंजेरी नव्हतीच, उलट दिवाकर अंकलच प्रत्येक ओळीला थांबत होते आणि त्याला सांभाळून घेता घेता घाम फुटला. त्याच्या फोनवर पूर्ण भजन होतं. आम्ही तिघांनी तिथेच ऐकलं. गळा, गिटार, खोकणारं कोणीतरी. खंजेरी नाही. पण दर चौथ्या मात्रेला दिवाकर थांबतो, एक रिकामी जागा जाते, आणि मग शब्द येतो. त्याच्या आधीच्या सगळ्या प्रॅक्टिसची रेकॉर्डिंग तन्मयनं ऐकवली. त्यात तो एकदाही थांबलेला नाही.

तुम्ही म्हणाल, सवय. बावीस वर्षांची सवय उफाळून आली. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण मग मला कशी ऐकू आली? आणि तो थांबायच्या आधीच कशी सुरू झाली? घरी आलो तर खंजेरी खिळ्याला तशीच होती, वरची धूळसुद्धा पुसली गेली नव्हती.

जोडी तुटली नाही. गुरुवार पुन्हा सुरू झाले, तन्मयही येतो, पोरगं गुणी आहे. महिन्याभरानं छज्जावर आम्ही तिघं बसलो. मी जीव ओतून वाजवलं. इतकं चांगलं मी आयुष्यात वाजवलं नव्हतं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. उतरताना दिवाकरनं माझ्या खांद्याचा आधार घेतला होता. मी विचारलं, कसं झालं? तो खोटं बोलत नाही, हीच त्याची वाईट खोड. दोन पायऱ्या उतरून म्हणाला, "चांगलं वाजवलं तू. पन त्या दिवशीसारखं नाई."

त्या पोराचा हेवा तेव्हाच संपला. हा दुसरा हेवा मात्र कोणाचा करायचा, ते मला कळत नाही. कोणाला याचा अर्थ लागला तर जरूर कळवा, मला लागलेला नाही. भजनाला मी दिवाकरच्या उजवीकडे बसतो, पहिल्यापासून तीच माझी जागा. हल्ली तो डोळे मिटले की मान किंचित डावीकडे झुकवतो, तिकडून काही ऐकत असल्यासारखा. तिकडे कोणी बसत नाही.