बंबवाल्या भावोजींची शेगडी

आमच्या भावोजींनी एकतीस वर्षं आगी विझवल्या. तेवढ्या काळात त्यांनी स्वतःच्या हातानं एक काडीसुद्धा पेटवली नव्हती, हे मी त्यांची मेहुणी म्हणून छातीठोकपणे सांगते. घरातला गॅस ताई पेटवायची. कुणाच्या वाढदिवसाला केकवर मेणबत्त्या लागल्या, की भावोजी ओला टॉवेल घेऊन मागे उभे. एका वर्षी माझ्या लेकीनं फुंकर मारायला जरा वेळ लावला, तर त्यांनी टॉवेल टाकलाच. केक मेणबत्त्यांसकट सपाट. आम्ही तो चमच्यानं टॉवेलवरून खरवडून खाल्ला.

निवृत्त झाल्यावर तर कहर झाला. विझवायला काही उरलंच नाही ना! दर दोन तासांनी गॅसचं बटण तपासायचं, इस्त्री खरंच बंद आहे का बघायचं, शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी झाली की खिडकीत जाऊन वास घ्यायचा. ताई तेव्हा नुकतीच दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीतून मोकळी झाली होती. बावीस वर्षं तिथे ती पेशंटची नावं लिहून घ्यायची आणि त्यांना धीर द्यायची.

एका सकाळी आम्ही तिघं चहा पीत होतो. ताई म्हणाली, "बावीस वर्षं मी माणसांची उघडी तोंडं बघितली. आता मला ती तोंडं भरायची आहेत. मी गॅरेजमध्ये दुकान काढतेय. मासे, कोंबडी, कणसं, वांगी, बटाटे. सगळं निखाऱ्यावर भाजलेलं."

भावोजींनी कप खाली ठेवला. "कशावर?"

"निखाऱ्यावर."

"आपल्या घरात?"

"घरात कशाला? घराला लागून."

"लागून म्हणू नकोस," भावोजी म्हणाले. "तो शब्दच नको मला."

मला हसू आवरेना. चहा नाकात गेला. ताईनं मात्र ढिम्म न हलता त्यांच्याकडे बघितलं. या बाईनं घाबरून खुर्चीला चिकटलेल्या माणसांना बोलता बोलता तोंड उघडायला लावलं होतं. तिच्यापुढे एक बंबवाला किती टिकणार? दुपारपर्यंत भावोजी तयार झाले. अटी घातल्या बऱ्याच. वाळूच्या बादल्या, ओली पोती, भिंतीला पत्रा. शेवटची अट अशी, की कोळसा ते स्वतः निवडणार.

"निवडा की," ताई म्हणाली. "कोळशात काय निवडायचं असतं?"

हे वाक्य तिला पुढे फार महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कोळशाच्या वखारीत गेलो. वखार एक आजी चालवायच्या. कोपरापर्यंत काळ्या, अंगानं एवढ्याशा, पण आवाज खणखणीत. त्यांनी लाकडी कोळशाचे दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटले. खण्ण!

"ऐकलंत? बशीसारखा वाजला की समजायचं नीट जळलाय. धप्प वाजला तर आत कच्चं लाकूड आहे. तो नुसता धूर करणार."

ताई हरखली. तिनंही दोन तुकडे घेऊन वाजवले, मग मीही. आम्ही दोघी बहिणी पोत्यापुढे बसून जलतरंग वाजवत होतो म्हणा ना. भावोजी मात्र कपाळाला आठ्या घालून पोत्यात बघत होते. एक तुकडा मुठीएवढा, एक हाताएवढा, एक नुसताच चुरा.

"आजी, याला काही ठराविक आकार?"

"झाड जसं वाढलं तसा आकार."

"आणि हा तडतडतो का?"

"तडतडणारच. गप्प बसायला काय तो दगड आहे?"

भावोजींचा चेहरा पडला. परत येताना त्यांनी आम्हाला हार्डवेअरच्या दुकानात नेलं. तिथे कागदी पिशव्यांमध्ये ब्रिकेट होते, म्हणजे कोळशाच्या दाबलेल्या वड्या. दुकानदारानं समजावून सांगितलं, की कोळशाची भुकटी करायची, त्यात खळ मिसळायची आणि साच्यात दाबायचं. पेटायला वेळ लागतो, पण एकदा पेटल्या की तास न् तास सारखी धग. ठिणग्या जवळजवळ नाहीतच. पिशवीच्या मागे सूचनाही छापल्या होत्या. भावोजींनी त्या दोनदा वाचल्या. मग चार वड्या काढून काउंटरवर एका ओळीत मांडल्या आणि असे बघत राहिले, की लग्नात त्यांनी ताईकडे तसं बघितल्याचं मला आठवत नाही.

"बघ गं," ते हळूच म्हणाले. "सगळ्या एका उंचीच्या. जवानांसारख्या."

"मला जेवण करायचंय," ताई म्हणाली. "परेड नाही."

शेवटी दोन्ही घेतलं. मंगळवारी सकाळी गॅरेजपुढच्या मोकळ्या जागेत दोन शेगड्या मांडल्या. एकीत ताईचा लाकडी कोळसा, दुसरीत भावोजींच्या वड्या, प्रत्येक थर मोजूनमापून रचलेला. भावोजी जुनं हेल्मेट घालून आले होते.

आता पेटवायचं. भावोजींनी काडी ओढली. काडी पेटली. आणि त्यांनी फुंकर मारून विझवली.

"अहो!"

"सवय गं."

दुसरी काडी. फू. तिसरी. फू. चौथ्या काडीला ताईनं कपाळावर हात मारला. "अहो, ती पेटलेली राहू द्यायची असते!" पाचव्या काडीला त्यांनी ओठ घट्ट आवळले, तर फुंकर नाकातून आली. सहाव्या काडीला त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं नाकतोंड दाबून धरलं आणि उजव्या हातानं एकदाची शेगडी पेटवली. मी तोवर जमिनीवर बसले होते. पोटात दुखायला लागलं होतं हसून.

ताईचा कोळसा दहा मिनिटांत लालभडक. मासा टाकला, चर्रर्र झालं, वरून खरपूस आणि आतून लुसलुशीत. असा मासा मी उभ्या जन्मात खाल्ला नव्हता. पण बटाटा टाकला तर बाहेरून राख आणि आतून दगड. आणि एक ठिणगी उडाली ती नेमकी भावोजींच्या मिशीवर. एकतीस वर्षं आगीत घुसलेला माणूस, अंगावर एक डाग नाही, आणि घरच्या शेगडीनं मिशीचं टोक नेलं! तासाभरात कोळसा संपला.

भावोजींच्या वड्या पाऊण तास नुसत्या काळ्या. ते शेजारी उकिडवे बसून त्यांच्याशी बोलत होते. "चला, चला, जमतंय." ताईनं घाईनं त्यावर कणीस टाकलं, तर त्याला धुराचा घाणेरडा वास लागला. पण नंतर वड्यांवर पांढरी राख चढली आणि मग दोन तास अशी एकसारखी धग, की त्याच बटाट्यांचं लोणी झालं.

"वड्या," भावोजी म्हणाले.

"कोळसा," ताई म्हणाली.

"रविवारी लोकांना जेवायला बोलवा," मी म्हणाले. "खाणारे ठरवतील." काड्या घालायच्या बाबतीत आमच्या घरात माझा हात कुणी धरू शकत नाही.

रविवारी अकराला अर्धी गल्ली जमली. भावोजींचे चार निवृत्त सोबती इस्त्रीचे शर्ट घालून आले. ताईनं शेगडी पेटवली आणि बघता बघता मासे, कणसं, कांदे असा सपाटा लावला. लोक ताटं पुढे करत होते आणि ताई हातपंख्यानं वारा घालत, चिमटा नाचवत, कोणाला हे, कोणाला ते करत नुसती भिरभिरत होती. गाल लाल, केस उडालेले. वीस वर्षांनी लहान दिसत होती.

भावोजींची शेगडी पेटेना. झालं होतं असं, की वड्यांखाली घालायच्या ढलप्यांना चुकून आग लागू नये म्हणून त्यांनी त्यावर आदल्या दिवसापासून ओलं पोतं टाकून ठेवलं होतं. ढलप्या चिंब. त्यात ते वरून कागद सारत राहिले. धुराचा असा लोट उठला, की शेगडी दिसेना, मग भावोजीही दिसेनात. नुसता खोकला ऐकू येत होता.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई नव्यानंच राहायला आल्या होत्या. त्यांनी पडदा सारला, गॅरेजपुढचा धूर बघितला, आजूबाजूला धावपळ करणारी माणसं बघितली आणि फोन लावला.

सायरन ऐकू आला तसे धुरातून भावोजी बाहेर आले. मान ताठ, डोळ्यांत पाणी. "आपल्या केंद्राचा आहे," ते म्हणाले. "वळणावर दुसरा गिअर टाकला बघ." आणि धावले! रस्त्यातल्या स्कूटरी बाजूला केल्या, लोकांना मागे सारलं, बंबापुढे उलटं चालत "येऊ दे, येऊ दे" करत बंब आत घेतला. चारही सोबत्यांनी एव्हाना ताटं ठेवून वाळूच्या बादल्या उचलल्या होत्या. कुठे जायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण रांग अगदी सरळ होती.

सहा जवानांनी धडाधड उड्या मारल्या. पथकाच्या प्रमुख बाईला शिडी चढायला भावोजींनीच शिकवलं होतं. ती त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"साहेब, आग कुठे लागलीय?"

भावोजी सावधान उभे राहिले. धुराकडे बोट दाखवून म्हणाले, "लागत नाहीये. पाऊण तास प्रयत्न चालू आहेत."

मग एका जवानाच्या तोंडून फुर्रर्र असा आवाज आला आणि सगळी गल्ली हसत सुटली. ताई चिमटा छातीशी धरून हसत होती. सोबत्यांच्या बादल्या हिंदकळून वाळू बुटांत जात होती. प्रमुख बाईनं हेल्मेट काढलं, डोळे पुसले आणि विचारलं, "मग साहेब, लावायला मदत करू?"

जवानांनी शेगडीतल्या ओल्या ढलप्या चिमट्यानं काढून टाकल्या. मग प्रमुख बाई ताईकडे वळली. "काकू, तुमचे चार निखारे देता का?"

ताईनं भावोजींकडे बघितलं. भावोजींनी ताईकडे बघितलं.

"मागू देत की त्यांना," ताई म्हणाली.

"अगं," भावोजी म्हणाले, "चार निखारे दे."

"पाच देते," ताई म्हणाली आणि आपल्या शेगडीतले सगळ्यात लाल निखारे उचलून तिनं स्वतः वड्यांच्या पोटात ठेवले. दोन जवानांनी पंखे घेतले. पंधरा मिनिटांत वड्यांच्या कडा पांढऱ्या व्हायला लागल्या. भावोजींनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, लहान मुलासारख्या. तोवर ताईचा कोळसा संपून शेगडी थंड पडली होती आणि जमलेल्यांतली निम्मी माणसं अजून उपाशी होती. तिथून पुढे दुपारी तीनपर्यंत कोंबड्या, बटाटे, वांगी सगळं भावोजींच्या वड्यांवर झालं. पथकाला परत जायचं होतं, तेव्हा वायरलेसवर "आग आटोक्यात आहे" असं खरंखुरं सांगून, कागदात बांधलेली भाजलेली वांगी हातात घेऊन ते निघून गेले.

व्हायोलिनच्या बाई रडवेल्या होऊन खाली आल्या. "मला वाटलं... माझ्यामुळे केवढा गोंधळ..."

भावोजींनी त्यांना खुर्ची दिली, ताट दिलं आणि एकदम गंभीरपणे म्हणाले, "अगदी बरोबर केलंत तुम्ही. धूर दिसला की कळवायचंच. पुढच्या वेळीही कळवा." मग थांबून म्हणाले, "फक्त आधी मला हाक मारा."

मी वांग्याची सालं काढत त्यांच्याजवळ बसले होते. ते शेगडीकडे बघत होते. म्हणाले, "तुला सांगू? इतकी वर्षं मी जिथे पोचलो, तिथे लोक रडत आगीपासून लांब पळत असायचे. आज ताटं घेऊन आगीजवळ येत होते." मी थट्टा केली नाही, आणि माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

कोण जिंकलं हे खाणाऱ्यांना विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं तेव्हा ताईनं लाकडी कोळसा पेटवला, त्यावर मासे आणि कणसं काढली आणि त्यातलेच निखारे भावोजींना दिले. त्यांनी त्यावर वड्या रचल्या. "मान्य आहे" म्हणणं दोघांच्याही जिवावर आलं असतं. अजूनही ताई गिऱ्हाइकाला सांगते, की खरी चव कोळशाचीच, आणि ती आत गेली, की भावोजी त्याच गिऱ्हाइकाच्या कानात सांगतात, की खरी मेहनत वड्यांची.

पहिल्याच दिवशी दीड वाजता सगळं संपलं. मासा नाही, कणीस नाही, कांदासुद्धा नाही. बाहेर माणसं उभी आणि आत आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय. ताईच्या गालावर काळा डाग होता. भावोजींनी तो पुसायला हात नेला. हात कोळशाचा. डाग कानापर्यंत गेला. तिनं त्यांचं नाक धरलं, तर नाक काळं. मग दोघंही जे हसत सुटले ते पोत्यावर बसले, पोतं घसरलं, दोघंही खाली. मी दारात जाऊन लोकांना सांगितलं, "उद्या या हो. आज मालक-मालकीण दोघंही हातचे गेलेत."