वाट मागण्याची रीत

बेटावरच्या ग्रां बुआ गावचा गोवर्धन उसात वाढला आणि उसातच पिकला. हात कोयत्याचा, गळा मात्र आरतीचा. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी गावचा गणपती समुद्राकडे निघाला की झांज घेऊन पुढे तोच. वाट साखरमळ्याच्या रानातून जायची. म्हणून आधी तो मोदकांचं ताट घेऊन मळ्याच्या साहेबाच्या दारी उभा राहायचा. "मिस्ये, उद्या आमचा देव जाणार. वाट द्यावी." साहेब मान हलवायचा. बापानेही असंच विचारलं होतं, आज्यानेही. दुसऱ्याच्या रानातून देव सांगून न्यावा, चोरासारखा नेऊ नये, ही घरची शिकवण.

एकोणऐंशी साली मळ्याने किनारा हॉटेलवाल्यांना विकला. कौन्सिलने त्यांना बांधकामाचा परवानाही दिला. नकाशात वाटेवर भिंत होती. गावाने तक्रार केली, तेव्हा परवाना पुन्हा तपासणीला आला.

"काका, एवढी जुनी वाट कुणाला बुजवता येत नाही," मराठी शिकवणारा चंद्रमोहन मास्तर म्हणाला. "तुम्ही फक्त खरं सांगा."

"मी खोटं कधी बोललो रे?"

"त्याला अक्कल लागते," चुलीजवळून बायको सत्यवती म्हणाली. सगळे हसले, गोवर्धनही.

कौन्सिलच्या खोलीत हॉटेलचा वकील गोड बोलला.

"त्या वाटेने जाताना कधी कुणी अडवलं?"

"कधीच नाही."

मास्तर खूश झाला.

"मग काय, न विचारता घुसायचात?"

गोवर्धनाला ते लागलं. तो ताठ उभा राहिला. "आम्ही चोर नाही, मिस्ये. आज्यापासून दर वर्षी हात जोडून विचारलंय. एकही साल चुकलं नाही."

"साहेब नाही म्हणाले असते तर?"

"तर गेलो नसतो."

वकील खाली बसला. मास्तरने डोळे मिटले. अध्यक्ष शेजाऱ्यांशी कुजबुजले आणि म्हणाले, जी वाट विचारून मिळते ती मालकाची मेहरबानी, गावाचा हक्क नव्हे. परवाना कायम.

सगळे परतीच्या बसमध्ये बसले.

"म्हणजे माझा आजा उद्धट असता," गोवर्धनाने विचारलं, "तर वाट राहिली असती?"

"राहिली असती, काका. की पू फेर? आता काय करणार?"

गोवर्धनाने मान हलवली. राग आला नाही, रडू आलं नाही. खिडकीबाहेर ऊस होता, आणि त्यापुढेही ऊस.

पुढच्या चतुर्थीला हॉटेलच्या माणसाने निरोप धाडला, येऊन विचारा, साहेब नाही म्हणणार नाहीत. गाव गोवर्धनाच्या तोंडाकडे बघत राहिलं. तो झांज घेऊन उलट्या दिशेला, नदीकडे चालू लागला. मागून देव आला, माणसं आली.

नदीला पाणी गुडघाभर. मूर्ती बुडेना. गोवर्धनाने दोन्ही हातांनी ती खाली दाबून धरली. काठावर आरती चालली होती. पाणी थंड आहे का, मास्तरने विचारलं. गोवर्धनाने मूर्ती आणखी खाली दाबली.