बांधीत बंद पडलेली गोष्ट

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं नाव इथे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. पण त्यांनी दम दिलाय, "नाव नोको टाकजो वं, साऱ्या गावाले वाटंन मीच लिवाले लावलं." म्हणून नुसतं जाऊबाई. मला चिखलात उभं राहायला त्यांनी शिकवलं, आणि माझी जागा जाते की काय असं झालं तेव्हा पुन्हा त्याच चिखलात त्यांनीच उभं केलं. हे आधी सांगून टाकलं, म्हणजे त्या डिजिटल गुरूला मनसोक्त नावं ठेवायला मी मोकळी.

मी सांगोल्याकडची. आठवीनंतर शाळा सुटली. दसऱ्याला नागपूरला जमणाऱ्या माणसांच्या ओळखीतून स्थळ आलं आणि मी पार या टोकाला, भंडारा जिल्ह्यातल्या आसगावात येऊन पडले. आमच्याकडे ज्वारी, भात फक्त सणाला. इथे नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. पहिल्या रोवणीला मी पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी हातात घेऊन नुसती उभी राहिले होते. मी इथल्या "मले"ऐवजी "मला" म्हटलं की ओळीतून कुणीतरी "मऽलाऽ" असं लांबवून म्हणायचं आणि सगळ्या हसायच्या. ओळीच्या टोकाला जाऊबाई. त्या मान वर न करता म्हणाल्या, "हसाचं तेवढं हसून घ्या. तिचं बोलनं तिचं हाय. हात चालला म्हंजे झालं." त्या दिवसापासून त्यांनी मला आपल्या शेजारी घेतलं. माझी रोपं वाकडी गेली की त्या बोलायच्या नाहीत, हळूच सरळ करायच्या.

पुढे मी गोष्टी लिहायला लागले. एक पातळ पुस्तक निघालं आणि त्याचे गठ्ठे धानाच्या पोत्यांशेजारी पडून राहिले. ओळीतल्या बायांना त्याचं कौतुक होतं, पण चिखलाच्या हातांनी पुस्तक कसं धरायचं? आणि निम्म्याजणींना वाचताच येत नव्हतं. जाऊबाईंनीच तोड काढली. "मोबाइलमंदी बोलून ठेव ना. रोवता रोवता आयकू."

मग मी सकाळी उठून गोष्ट बोलून ठेवायची. जाऊबाई मोबाइल रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा करायच्या, म्हणजे आवाज घुमायचा, आणि डबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवायच्या. एक मोबाइल, अख्खी ओळ. गोष्ट रडवणारी असली की हात मंदावायचे. मग टोकाकडून हाक यायची, "रडा, पन रोवा!" मला "मऽलाऽ" म्हणणारी आता विचारायची, "काहून वं, उद्या काय हाय?" त्या ओळीत मला जागा मिळाली होती. ती जाऊ नये एवढीच माझी काळजी, आणि काळजी करायला मला कारण लागत नाही.

अशात भंडाऱ्याला कार्यशाळा निघाली. 'लेखकांसाठी घरबसल्या डिजिटल कमाई.' जाऊबाई म्हणाल्या, "जाय, घरची काळजी करू नोको." मी गेले.

शिकवायला आलेल्या डिजिटल गुरूंची ओळख करून देताना त्यांना लेखक म्हटलं गेलं. त्यांचं लेखन म्हणजे एकच पुस्तक, तेही पुस्तक कसं विकावं यावर. ते विकलं कसं, तर कार्यशाळेच्या दारात. चाळून पाहिलं तर पानापानावर मोठ्या अक्षरात एकेक वाक्य आणि खाली 'इथे तुमचे विचार लिहा' म्हणून रिकाम्या ओळी. म्हणजे लिहिण्याचं कामही वाचणाऱ्याच्याच गळ्यात.

"वाचक म्हणू नका, ग्राहक म्हणा," ते म्हणाले. समोरच्या कवींनी ते लिहून घेतलं. "तुमचं दुःख हेच तुमचं प्रॉडक्ट!" तेही लिहून घेतलं. मग यादी निघाली. ई-बुक, ऑडिओ, कविता करायला शिकवणारा कोर्स, कोऱ्या रोजनिशीचे साचे. ज्याला लिहायला काही सुचत नाही त्याने दुसऱ्यांना कसं लिहावं ते विकायचं, हा एकूण मथितार्थ. माझ्या शेजारचे इस्त्रीच्या सदऱ्यातले कवी 'शुभ सकाळ'च्या फुलांवर स्वतःच्या ओळी छापून पाठवायचे. ते मला कुजबुजले, "ताई, मी तर आधीपासूनच डिजिटल आहे." मी मान हलवली. अशा माणसांपुढे मी नेहमी मान हलवते, आठवीची भीती.

चहाच्या वेळी मी गुरूंना डब्यातल्या मोबाइलची गोष्ट सांगितली. त्यांचे डोळे चमकले. "सोनं आहे हे! आणि तुम्ही फुकट वाटताय?" नव्या गोष्टी त्यांच्या ॲपवर टाकायच्या, शहरातले लोक सदस्य होऊन ऐकतील. मी भीत भीत विचारलं, "आणि आमच्या ओळीतल्या बाया?" ते हसले. "त्यांचं नंतर बघू हो. पण एकीच्या मोबाइलवर पंधराजणी ऐकतात, याला आमच्यात गळती म्हणतात."

गळती! डब्याभोवती वाकलेल्या बायांना हा शब्द. तिथेच उठायला हवं होतं. पण मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, नंतर बघू म्हणाला म्हणजे बघेल, आणि मी हो म्हटलं.

त्या दिवसांत मी एका नव्या नवरीची गोष्ट बोलत होते. तिला सासर सोसत नाही. ती माहेरी पळायला निघते, पण दिशा कळत नसल्याने उलटी बस पकडते आणि लाखांदूरला पोचते. स्टँडवर आल्या वाटेने परत जाणाऱ्या एका बसमध्ये चढून बसते. कंडक्टर येतो. नवरी मी होते, हे ओळीत फक्त जाऊबाईंना ठाऊक होतं. शेवट मात्र गुरूंनी सुचवलेला, शहरात चालणारा. नवरी ताठ मानेने माहेरचं तिकीट काढते आणि खिडकीतून वारा येतो. वारा त्यांनी आवर्जून घालायला लावला होता.

त्या सकाळी मी स्वतःच जाऊबाईंच्या मोबाइलवर ते ॲप लावून दिलं. डबा धुऱ्यावर, बाया वाकलेल्या. माझा आवाज घुमत होता, "कंडक्टरनं तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, कुठलं तिकीट?" आणि टण्णकन घंटी वाजली. मग गुरूंचा तुपाळ आवाज, "नमस्कार! पुढे ऐकण्यासाठी आजच सदस्य व्हा!"

हात थांबले.

"हा कोन बुवा बसमंदी घुसला?" एकजण म्हणाली.

"सदस्य कायचा? बचत गटाचा काय?"

दुसरी माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू दे वं. तिची आता दुकानदारी झाली. आपन धान रोवा."

माझ्या पायाखालचा चिखल आणखी खोल गेला. पहिल्या वर्षीची मी पुन्हा तिथे उभी होते. मी पुटपुटत राहिले, मला माहीत नव्हतं, तो म्हणाला होता नंतर बघू. कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात जाऊबाई चिखल तुडवत धुऱ्यावर गेल्या, डब्यातून मोबाइल काढला, बंद केला आणि कमरेला खोचला.

"मोबाइल गेला खड्ड्यात. बोलनारी तं इथंच हाय ना?" त्या माझ्याकडे वळल्या. "सांग पुढं."

"बाई, मला असं तोंडानं नाही जमत…"

"काहून? कंडक्टर उभा हाय ना तिथं. त्याले दुसऱ्या गाड्या नाई का?"

बाया फिसकन हसल्या. मी तोंड उघडलं. ताठ मानेची नवरी सांगायची होती, पण समोर जाऊबाई, त्यांच्यापुढे ती माझ्या तोंडून निघेना. मग झालं होतं तेच सांगितलं. नवरी काहीच बोलली नाही. माहेराला किती बस बदलायच्या हेच तिला माहीत नव्हतं. कंडक्टर दुसऱ्यांदा खेकसला. तेव्हा मागच्या दारातून एक बाई धापा टाकत चढली. मागच्या गाडीने ती हिला शोधत आली होती. ती शेजारी बसली. रागावली नाही, काही विचारलं नाही. कंडक्टरला म्हणाली, "दोन आसगाव."

मग एकीने जाऊबाईंकडे पाहिलं, मग दुसरीने.

"माह्याकडं काय पाहून राहिल्या?" जाऊबाई म्हणाल्या. "पऱ्हे सुकून राहिले तिकडं. रोवा!"

जी मला दुकानदार म्हणाली होती, तिने हातातली पेंडी मला दिली आणि शेजारी जागा केली. त्या हंगामात गुरूंचा आवाज मात्र सगळ्यांना पाठ झाला. कुणी पाण्याची बाटली मागितली की दुसरी लांबवर धरून म्हणायची, "आजच सदस्य व्हा!"

मी गोष्टी परत मागितल्या. गुरू फोनवर म्हणाले, "ताई, तुमचा माइंडसेट गरिबीचा आहे." असेल. त्यांच्या श्रीमंत माइंडसेटला एक नवरी बसमधून सुखरूप घरी आणता आली नाही. वाऱ्यावर सोडून दिली, तेवढंच त्यांना जमलं. ऐकते की आता ते कार्यशाळांमध्ये 'कोण मागे राहतं' याचं उदाहरण म्हणून माझी गोष्ट सांगतात. नाव घेत नाहीत, हे उपकारच म्हणायचे. इस्त्रीचे कवी तेही लिहून घेत असतील.

मी अजून गोष्टी बोलून ठेवते. कुलूप नाही. गावातली माणसं पुण्या-सुरतेला कामावर आहेत, ती ऐकतात आणि त्यातली काही मनाला येईल तेव्हा थोडेबहुत पैसे पाठवतात. लेखकाची जास्तीची कमाई म्हणतात ती माझ्यापुरती एवढीच, आणि त्यासाठी मला कुणाला ग्राहक म्हणावं लागत नाही.

जाऊबाई नागपूरच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत. ज्वारीचं शेत कसं दिसतं, हे त्या मला अजून विचारतात. "एवढी उंच राह्यते? अन् पान्यात उभी नाई राह्यत?" एक दिवस मी त्यांना घेऊन निघणार आहे. गाड्या किती बदलायच्या ते आता मला पाठ आहे. सांगोल्याच्या स्टँडवर त्यांना खिडकीची जागा देईन. कंडक्टर आला की त्यांना तोंड उघडू देणार नाही. मी म्हणेन, "दोन," आणि माझ्या गावाचं नाव सांगेन.