दहा हजार एक

दहा हजार एक या संख्येला कशानंच भाग जात नाही, असं आमच्या घरात बरीच वर्षं मानलं जायचं. सत्तर सालानंतरची गोष्ट. वडील, म्हणजे आबा, प्राथमिक शाळेत गुरुजी. थोरली बहीण, अक्का, सातवी पास झाली आणि गावातली शाळा संपली. पुढचं शिक्षण सेलूला. वयात आलेली पोरगी परगावी ठेवायची म्हणजे भावकीची तोंडं कोण धरणार? पण अक्का हट्टाला पेटली. तेव्हा आबांनी तिला ही संख्या दिली.

"हिला कशानं भाग जातो ते काढ. मग धाडतो सेलूला."

नाही म्हणायची ही गुरुजी लोकांची तऱ्हा. अक्कानं मात्र ते खरं धरलं.

कामं आवरली की ती खडूच्या तुकड्यानं सारवलेल्या ओसरीवर भागाकार मांडायची. तीननं जात नाही तर नऊनं कसा जाईल, हे तिनंच मला शिकवलं. आणि शंभरापर्यंत बघितलं की बास; दोन्ही भाग शंभराच्या वर असले तर गुणाकार दहा हजार एकाच्या पुढं जातो. सात झाला, अकरा झाला, तेरा झाला. दर वेळी बाकी उरायची. ती हातानं पुसायची आणि चुलीपाशी जायची.

एका संध्याकाळी म्हणाली, "आज एकाहत्तर झाला. बाकी एकसष्ट."

दुसऱ्या दिवशी येलदरीकडचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मायनं ओसरी तिच्याकडूनच सारवून घेतली. मी रडकुंडीला आले, तर तीच हसली. "सासरी बी ओसरी असंलच की!"

लग्न उरकलं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येणार म्हणून मायनं घर सारवलं, आबांनी अख्खा खडू आणून कोनाड्यात ठेवला. आम्ही तिला आणायला निघायच्या आतच निरोप आला. अक्का गेली, पोटातल्या बाळासकट.

पाहुणे पांगल्यावर आबा ओसरीवर बसले. "कुठवर आली व्हती ती?"

"एकाहत्तर."

त्यांनी कोनाड्यातला खडू घेतला आणि पुढचा त्र्याहत्तर मांडला. आधी सत्तावीस उरले, मग एक्कावन्न, मग शेवटचा एक खाली घेतला. पाचशे अकरा. त्र्याहत्तर साते पाचशे अकरा. खाली शून्य आलं.

आबा त्या शून्याकडं बघत राहिले. "मला वाटलं, हिला भागच जात न्हाई. म्हणून तर दिली व्हती."

या वाक्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. तेव्हा तर त्यांच्या गळ्यात पडून रडले.

मी त्या वर्षी सातवीत होते. जूनमध्ये आबांनी मला सेलूला धाडलं. मला कुठलीही संख्या दिली नाही.