चालतं ते थांबवायचं ऑफिस

आमच्या ऑफिसात दोन याद्या आहेत. एक कॉम्प्युटरवर, बग्जची, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांची. ती कधीमधी कमी होते. दुसरी माझ्या डोक्यात, किश्श्यांची. ती कमी व्हायचं नाव घेत नाही, कारण एक बग मिटेपर्यंत दोन किस्से होऊन बसतात. आता डोक्यात जागा उरली नाही, म्हणून थोडे तुमच्या डोक्यात टाकते.

ऑफिस म्हणजे वाशिमच्या बाजारात सलीमचाचांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानावरची एक खोली. माणसं तीन: मी, रुबिना आणि विलास. आम्ही डीबगर बनवतो. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं हे सॉफ्टवेअर. बाजारात नव्या प्रोसेसरचे लॅपटॉप आले, आणि आमचा डीबगर जुन्या प्रोसेसरशिवाय कुणाला ओळखायला तयार नाही. कंपनीच्या पुण्याच्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, काही विशेष नाही. फक्त परत कंपाइल करायचं, बटण दाबलं की झालं!"

त्या 'फक्त'मध्ये आमचे सात महिने गेले.

वर साहेबांनी हेही ऐकवलं, की त्यांना दाखवायच्या डेमोपर्यंत जमलं नाही तर वाशिमचं ऑफिस बंद, सगळे पुण्याला. रुबिनाने आणि मी कसंतरी निभावलं असतं. विलासचं तसं नव्हतं. तो किन्हीराजाहून रोज मोटरसायकलने येतो. "ताई, बायकोची नोकरी गावच्याच शायेत, अन् माय डोयानं अधू. मी कोनाले नेऊ अन् कोनाले ठेवू?" एवढंच तो एकदा म्हणाला.

*

आमचं काम काय, हे सलीमचाचांना विलासने एकदा तासभर समजावलं. चाचांनी हातातली तांब्याची तार खाली ठेवली.

"विलासभाऊ, आमी बंद पडलेली मोटर चालू करतो. अन् तुमी चालतं ते बंद करून राह्यले! याच्यासाठी इंजिनियर व्हा लागते?"

*

नवा लॅपटॉप आला, तोही तिघांत एक. विलासच्या आईचा हुकूम होता, नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही. मग तो ट्रॅक्टर असो की प्रोसेसर. विलासने नारळ फोडला, उदबत्ती लावली. कीबोर्ड खराब नको म्हणून कोपऱ्यातलं एक साधं, रिकामं, चौकोनी बटण शोधलं आणि त्यावर ओल्या कुंकवाने झकास स्वस्तिक काढलं.

बोटाचा ठसा ओळखायचं बटण नेमकं तेच! आणि ठसा नोंदवल्याशिवाय कंपनीचं सिक्युरिटी सॉफ्टवेअर आत पाऊल ठेवू देत नव्हतं. दोन दिवस आम्ही तिघं आळीपाळीने बोटं टेकवत बसलो. शेवटी पुण्याच्या आयटीवाल्याने वैतागून विचारलं, "अहो, पण एरर नेमका कसला आहे?"

विलास म्हणाला, "सर, कुंकवाचा."

*

लॅपटॉप सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी आमचा डीबगर त्यावर चालला! सगळ्या टेस्ट पास. साहेबांनी अख्ख्या कंपनीला मेल टाकला: 'वाशिमने करून दाखवलं.' विलासने आईसाठी पेढे नेले. आठ दिवस आम्ही कॉलर ताठ करून फिरलो.

नवव्या दिवशी रुबिना टास्क मॅनेजरमधला, चालू प्रोग्रामची माहिती देणारा एक रकाना बघत बसली होती. "ताई, इकडं पाहा बरं. इथं जुन्या प्रोसेसरचं नाव काहून दिसून राह्यलं?"

हे नवे लॅपटॉप भलते सोशिक असतात हो. जुन्या प्रोसेसरचा प्रोग्राम दिला तरी तोंडातून ब्र न काढता आतल्या आत भाषांतर करून चालवतात. म्हणजे आठ दिवस आम्ही जुनाच डीबगर जुन्याच प्रोग्रामवर तपासत होतो! नव्या प्रोसेसरला आमचा हातसुद्धा लागला नव्हता. मला खरंच रडू आलं. साहेबांना काय तोंड दाखवायचं?

विलास म्हणाला, "पेढे तं खाऊन झाले, ताई."

*

त्यानंतर खरा नवा डीबगर बनवला आणि खरे हाल सुरू झाले. एक टेस्ट प्रोग्राम नुसता चालवला की धाडकन पडायचा. का पडतो ते बघायला डीबगर लावावा, तर शहाण्या पोरासारखा शेवटपर्यंत चालायचा. दोन आठवडे हेच!

त्याच सुमारास विलासने आईला डोळे दाखवायला वाशिमला आणलं होतं. डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत ती आमच्या खोलीत बसली आणि आमचा वैताग ऐकत राहिली.

"झालं तरी काय, बाप्पा?"

"माय, आपन पाह्यलं का बराबर चालते. नजर हटली का पडते."

"मंग तू लहान होता तं मी काय करत होती? बसून राह्य त्याच्यापाशी!"

रुबिनाने ते वाक्य इंग्रजी करून आठवड्याच्या रिपोर्टमध्ये 'तात्पुरता उपाय' म्हणून घातलं. साहेबांनी मंजूरही केलं.

*

पण मुख्य दुखणं वेगळंच होतं. प्रोग्राम जिथे थांबवायचा तिथे डीबगर एक खूण ठोकतो. तीन आठवडे झाले, आमची खूण ठोकली की प्रोग्राम थांबायच्या ऐवजी मरायचा. डेमोला चार दिवस राहिले होते. विलासचा डबा संध्याकाळी तसाच घरी परत जायला लागला होता.

तेवढ्यात सलीमचाचा वर चहा प्यायला आले. विलासचं तोंड बघून म्हणाले, "काय मियाँ, जुन्या मोटरीची बेरिंग नव्या मोटरीत ठोकून राह्यले का काय?"

विलासने कप ठेवला आणि कोड उघडला. एका कोपऱ्यात, सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली, जुन्या प्रोसेसरची एका बाइटची खूण होती. नव्या प्रोसेसरची प्रत्येक सूचना चार बाइटची! आम्ही अर्धवट पाचर मारून त्याचा जीव घेत होतो. तीन शिकलेली माणसं, तीन आठवडे, आणि चाचांना अर्धा कप चहा.

*

आता शेवटचा. त्याआधी एक सांगते, आमचं नेट दर मीटिंगला अडकतं. आम्ही पुण्याच्या स्क्रीनवर तोंड उघडं टाकून पुतळ्यासारखे दिसतो. साहेबांना त्याची सवय झालीये.

डेमो ऑनलाइन होता. दारात सलीमचाचा उभे. विलासने प्रोग्राम सुरू केला. तो धावला आणि नेमका चौदाव्या ओळीवर थांबला!

साहेब हळहळले, "अरेरे! हँग झालं?"

"नाही सर, थांबवलंय!" मी ओरडलेच. "हेच तर काम आहे!"

"माशाल्ला! चालतं ते बंद पडलं!" मागून चाचा.

साहेबांच्या लक्षात आलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. "वा! म्हणजे वाशिमचं ऑफिस राहणार, मॅडम!" रुबिनाने माझा हात घट्ट धरला. विलासचे डोळे भरून आले होते.

"आणि विलास," साहेब खुशीत म्हणाले, "इतकं चांगलं काम केलंस, आता तू पुण्यालाच ये! दोन वर्षं. इथल्या टीमला शिकव!"

विलासचा हात डोळ्याकडे निघाला होता, तो तिथेच थांबला. तोंड अर्धं उघडं. पापणीसुद्धा हलेना. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं. मीही होते तशीच राहिले. रुबिनाचा हात माझ्या हातावर गोठला. दारात चाचांनी दाढी खाजवायला उचललेलं बोट हवेत धरलं.

"हॅलो? विलास? मॅडम? हॅलो?"

आम्ही चौघंही श्वास धरून बसलो.

पुण्याहून एक लांब उसासा ऐकू आला. "बरं. नेट आलं की विलासला सांगा, तिथूनच शिकव म्हणावं."

कुणीच हललं नाही.

"आणि मॅडम, मागचा पंखा तेवढा फिरतोय. पुढच्या वेळी तोही थांबवा."