चौदावा रकाना

कोर्टाच्या इमारतीत मोठ्या जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक बाई गेली सव्वीस वर्षं बसून आहेत. सुरुवातीला कॉम्प्युटरच्या जागी टाइपरायटर होता आणि टेबलाला चारही पाय मूळचे होते. बाई मात्र त्याच. उठताना डोकं जिन्याला आपटू नये म्हणून कमरेत वाकून बाजूला सरकायचं, ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरी स्वयंपाकघरातसुद्धा त्या तशाच उठायच्या.

त्या अर्ज लिहून द्यायच्या. आत जायला घाबरणारे लोक आधी त्यांच्यापुढच्या स्टुलावर बसायचे. कुठल्या कामाला किती दिवस लागतात, हे बाईंना तोंडपाठ होतं, म्हणून सगळं कोर्ट त्यांना मुदतबाई म्हणायचं. अपील? तीस दिवस. नक्कल? सात दिवस, पण नवव्या दिवशी या. सातव्या दिवशी आलात तर खिडकीतला कारकून तुमच्याकडे असा बघेल, की जणू तुम्ही त्याच्या डब्यातला घास मागितलात. नवे वकील काळा कोट सावरत हळूच येऊन विचारून जायचे आणि आत जाऊन तेच स्वतःच्या अकलेचं म्हणून सांगायचे. बाई हसून सोडून द्यायच्या.

त्यांचे नियम दोनच होते. विचारलंय तेवढंच लिहायचं, आणि एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना दिसला की अर्ज परत येतो, आणि परत आलेला अर्ज म्हणजे फुकट गेलेले दिवस.

बहुतेक लोक यायचे ते जुनी नोंद पुसून घ्यायला. विशीत केलेली मारामारी, कुणाची तरी पळवलेली सायकल, दारू पिऊन फोडलेली काच. शिक्षा भोगून झालेली असते, पण कागद माणसाची पाठ सोडत नाही. पुरेशी वर्षं नीट वागलं की कायदा ती नोंद पुसतो, मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. आदेश हातात पडला की बाई त्या माणसाला समोर बसवून त्याची उजळणी घ्यायच्या.

"उद्या नोकरीच्या ठिकाणी विचारलं, कधी शिक्षा झालीय का? काय सांगाल?"

"म्हणजे, तसं पूर्वी एकदा..."

"पूर्वी नाही नि एकदा नाही! नाही म्हणायचं. कायद्याने ती आता झालेलीच नाही. मान खाली घालायची नाही, खोकायचं नाही. म्हणा."

"नाही."

"हे काय, रडताय की सांगताय? परत म्हणा."

अशी शेकडो माणसं त्यांनी पढवली. एक अर्ज मात्र त्यांनी कधी टाइप केला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा.

बत्तीस वर्षांपूर्वी, कुणी बाई म्हणण्याआधी, त्या कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडणारी बावीस वर्षांची पोर होत्या. कापडाचे दोन तागे गायब झाले. ते मुकादमाने गायब केले हे शिलाईच्या मशिनींनासुद्धा माहीत होतं, पण मुकादम होता मालकाचा मेव्हणा. नाव हिचं निघालं. सरकारने दिलेला वकील कोर्टाच्या दाराशी तीन मिनिटं भेटला. म्हणाला, "नाही म्हणालीस तर वर्षभर तारखा, तोवर आत. हो म्हण, संध्याकाळपर्यंत घरी जाशील." घरी आठ महिन्यांची मुलगी शेजारणीच्या मांडीवर रडत होती आणि हिची चोळी दुधाने भिजली होती. तिने हो म्हटलं. खरंच संध्याकाळी घरी आली. त्यानंतर कुठल्याही कारखान्याने दारात उभं केलं नाही. मग ती टाइपिंग शिकली आणि जिन्याखाली येऊन बसली, कारण तिथे बसायला चारित्र्याचा दाखला लागत नाही.

नोंद पुसायचा कायदा झाला तेव्हा पहिला अर्ज आपलाच करायचा असं बाईंनी ठरवलं होतं. पण तो द्यायचा होता चार पावलांवरच्या खिडकीत, जिथे रोज सकाळी कारकून "या मुदतबाई" म्हणायचा. तो वाचेल, मग शिपाई वाचेल, मग मुलीच्या कानावर जाईल. आज करू, उद्या करू, असं करत वर्षं गेली. इतरांना त्या बजावायच्या, "लाज धरून बसलात तर बसूनच राहाल." स्वतःला हे सांगायला मात्र त्यांना कुणी स्टुलावर बसवलं नाही.

मग ठमीचं झालं. ठमी म्हणजे नात, सहा वर्षांची, वरचे दोन दात पडलेले. मुलगी पॅकिंगच्या कामाला पाळीवर जायची. एके दिवशी ठमीला घरात कोंडून गेली. पोर खिडकीच्या गजांना धरून चार तास रडली. शेजाऱ्यांनी बालकल्याण कार्यालयात फोन केला. दार फोडून ठमीला नेलं, बालगृहात ठेवलं आणि चौकशी सुरू झाली. बाईंची मुलगी आधी भांडली, मग रडली आणि शेवटी एका कागदावर सही करून मोकळी झाली: 'मला सांभाळणं जमत नाही, मुलीला माझ्या आईकडे द्यावं.' त्याच आठवड्यात ती एका माणसाबरोबर दुसऱ्या गावी निघून गेली. बाईंना तिचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो त्या कागदावरच्या चुकलेल्या तारखेचा. तो कागद त्यांनी नव्याने टाइप करून पाठवला आणि मुलीची सही मागवली. प्रत्येकाचा राग काढायचा एक मार्ग असतो.

चौकशी अधिकारी घरी आली. तिशीतली, सँडल दाराबाहेर काढून आत येणारी, चांगली मुलगी होती. औषधं वरच्या फळीवर आहेत का ते बघितलं, गॅसची नळी बघितली, ठमीसाठी आणलेली छोटी गादी हाताने दाबून बघितली. भिंतीवर बाईंनी ठमीची उंची मोजून पेन्सिलच्या रेघा मारल्या होत्या, त्यांच्याकडे बघून हसली. चहाला नको म्हणाली, पण पाणी मागून घेतलं. बाईंच्या जिवात जीव आला.

"एवढा एकच प्रश्न राहिला," तिने फाइल उलटली. "तुम्हाला कधी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे?"

"नाही," बाई म्हणाल्या. मान वर, खोकला नाही.

असं का म्हणाल्या? घाबरल्या म्हणून, हे एक. पण निव्वळ भीती असती तर एक वेळ माफ करता आलं असतं. बाईंनी हिशोब केला होता. आपली जुनी कागदपत्रं तपासायला तळघरातून मागवावी लागतील, नव्वद दिवस धरून चालू. आपला अर्ज आज टाकला तर आदेशही नव्वद दिवसांत. चौकशीवाल्यांच्या हाती कागद लागेल तोवर नोंद पुसलेली असेल. मुदतींवर सव्वीस वर्षं हुकूम चालवलेल्या बाईला वाटलं, याही आपलं ऐकतील.

त्याच दुपारी त्यांनी तो अर्ज टाइप केला. आयुष्यात इतका सुबक अर्ज त्यांनी कुणाचा केला नव्हता. ओळी सरळ, तारखा अचूक. चौदाव्या रकान्याशी त्या थांबल्या. 'अर्जदाराविरुद्ध वा अर्जदारासंबंधी कोणत्याही कार्यालयात चौकशी चालू आहे काय? असल्यास क्रमांक.' तो रकाना लोक गाळतात. गाळला तर फार तर अर्ज परत येतो. पण परत आलेला अर्ज म्हणजे फुकट गेलेले दिवस, आणि इथे एकेका दिवसाची किंमत होती. बाईंनी ठमीच्या चौकशीचा क्रमांक घातला. पुन्हा तपासला. एक आकडाही चुकला नव्हता.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला. वर बघितलं नाही. शिक्का मारताना एवढंच म्हणाला, "तुमचा अर्ज म्हणजे बघावं लागतच नाही." त्या दिवसापासून त्याने "या मुदतबाई" म्हणणं बंद केलं. नुसतं "या" म्हणायचा.

चौदाव्या रकान्यात क्रमांक असला की अर्जाची एक प्रत त्या कार्यालयात जाते. हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण ते पत्र रेंगाळतं, सहा सहा महिने पडून राहतं. यावेळी ते अठराव्या दिवशी पोचलं. कुणी नवा, उत्साही माणूस टपालावर बसला असेल. देव त्याचं भलं करो.

बालकल्याण समितीपुढे बाईंना बोलावलं. लांब टेबल, पलीकडे तिघं, कोपऱ्यात ती चौकशी अधिकारी. बाईंचा अर्ज सगळ्यांपुढे होता. अध्यक्षबाई वयाने त्यांच्याएवढ्याच असाव्यात.

"तुम्ही आमच्या अधिकाऱ्यांना नाही म्हणालात."

"नोंद पुसल्यावर तसं म्हणता येतं," बाई म्हणाल्या. "कायदाच आहे."

"पुसल्यावर. तुम्ही कधी म्हणालात?"

आयुष्यभर लोकांच्या तारखा सुधारणाऱ्या बाईंची तारीख कुणीतरी सुधारली होती. मग मात्र त्यांचा तोल गेला. "मी चोरी केलीच नव्हती हो! तागे मुकादमाने नेले होते. मला घरी जायचं होतं, पोर दुधाची होती, म्हणून हो म्हटलं."

"म्हणजे तेव्हा कोर्टातही खरं सांगितलं नव्हतंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं. चेष्टेने नाही, खरोखर समजून घ्यायला विचारलं. तेव्हा हो म्हणून खोटं, आता नाही म्हणून खोटं. दोन्ही वेळा एका पोरीपायी, पण 'कुणापायी' असा रकाना कुठल्याही अर्जात नसतो.

बाहेर आल्यावर अधिकारी त्यांच्यामागून आली. तिचे डोळे लाल झाले होते. "बाई, बत्तीस वर्षांपूर्वीचे दोन तागे! मला सांगितलं असतंत तर मीच लिहिलं असतं, की याकडे दुर्लक्ष करावं. असं आम्ही नेहमी करतो. पण तुम्ही इतकं सहज नाही म्हणालात, की आता मला गॅसच्या नळीवरही विश्वास ठेवता येईना. पोरीची जबाबदारी आहे माझ्यावर, मी काय करू?"

बाईंना तिचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण तिच्या जागी असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं. ठमीला एका दुसऱ्या कुटुंबाकडे, दूरच्या शहरात द्यायचं ठरलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आदेश आला, मुदतीच्या कितीतरी आधी. 'अर्जदारास कधीही शिक्षा झालेली नाही असे समजण्यात यावे.' कारकुनाने तो स्वतः टेबलापाशी आणून दिला आणि अवघडून म्हणाला, "अभिनंदन." बाईंनी तो खणात टाकला. पुढचा माणूस स्टुलावर बसलाच होता.

ठमी जाण्याआधी एकदा भेटायला मिळालं. बालगृहाच्या भेटीच्या खोलीत गुडघ्याएवढ्या खुर्च्या होत्या. दाराशी एक ताई लोकर विणत बसली होती, ऐकत नाही असं दाखवत. ठमीचा एक दात अर्धा बाहेर आला होता. तिने तो जिभेने ढकलून दाखवला. नव्या घरी कुत्रा आहे म्हणाली. मग जवळ सरकली.

"आजी, तू खोटं बोललीस? मॅडम फोनवर सांगत होत्या."

दाराशी सुया थांबल्या.

"हो," बाई म्हणाल्या. "बोलले."

ठमीने जाणत्या माणसासारखी मान हलवली. "मी पण बोलले होते. दूध ओतून टाकलं आणि प्यायले म्हणाले. इथे खोटं बोललं की झोपाळा बंद. मला दोन दिवस बंद होता." तिने आजीच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "तुला किती दिवस?"

अपील तीस दिवस, नक्कल सात दिवस.

"पाच?" ठमीने एक पंजा उघडला. मग दुसरा. "दहा?"

आजीने नाही अशी मान हलवली, तेव्हा आपली बोटं पुरत नाहीत हे तिच्या लक्षात आलं. तिने आजीचा हात ओढून मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून पुढे मोजायला लागली.